पावसाळ्यापुरती पोरं उसनी द्या : कोल्हापुरातल्या तालीम मंडळांना खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, पदाधिकारी, वस्ताद आणि समस्त कार्यकर्ते,
पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल यांच्यापासून ते गल्लीच्या टोकाला एका खोलीत मारुतीचा फोटो आणि व्यायामाचे दोन करेल ठेवून चाललेल्या शेवटच्या तालमीपर्यंत सर्व मंडळं, कोल्हापूर.

सप्रेम नमस्कार.

परवा रंकाळा स्टँडवर एसटीची वाट बघत उभा होतो. शेजारचे फेटेवाले आजोबा बराच वेळ माझ्या कानांकडं बघत होते. शेवटी न राहवून म्हणाले, "पैलवान, कुठल्या तालमीचं?" म्हटलं, "तालमीचा न्हवं आजोबा, रग्बी खेळतो." आजोबांनी जरा विचार केला. "म्हंजे रग हाय तर," म्हणाले आणि तंबाखू मळायला लागले. बावीस वर्षं लोकांना हा खेळ समजावून सांगताना माझा घसा बसला, आजोबांनी चार शब्दांत उरकलं.

माझे कान तुमच्या पैलवानांसारखेच फुटलेले आहेत. त्यांचे मातीत घासून फुटतात, माझे दोन धिप्पाड माणसांच्या डोक्यांमध्ये चेंगरून फुटले. वय ४५, उद्यमनगरात लेथवर काम करतो. २००४ पासून रग्बी खेळतो. या खेळातून आजवर एक रुपया मिळवलेला नाही, आणि घातलेल्याचा हिशेब घरी दाखवण्यासारखा नाही. १९९५ पर्यंत हा खेळ जगभर हौशी लोकांचाच होता, पैसे घेऊन खेळणाऱ्याला बाहेर काढायचे. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये ते बंधन उठलं. आमच्या क्लबपर्यंत ती बातमी अजून पोचायची आहे.

तर मुद्द्यावर येतो. जून ते सप्टेंबर, पावसाळ्याचे चार महिने, तुमची पोरं आम्हाला उसनी द्या. पैसे नकोत, वर्गणी नको, फलकावर नाव नको. पोरं द्या, दिवाळीआधी जशीच्या तशी परत करतो. जशीच्या तशी म्हणजे थोडी चिखल लागलेली.

चार महिनेच का, ते सांगतो. तुमच्या मंडळांच्या संघांचा फुटबॉल उन्हाळ्याबरोबर संपतो. शाहू स्टेडियमवरचा शेवटचा सामना झाला, आतषबाजी झाली, चषक घेऊन पेठेत फेरी निघाली, की त्यानंतर थेट दिवाळी ओलांडेपर्यंत पोरांच्या पायाला बॉल नाही. सकाळी सहाला उठणारं पोरगं जुलैत नऊला उठतं. सप्टेंबरात त्याला पोट आलेलं असतं आणि नोव्हेंबरात तुमचा प्रशिक्षक ते उतरवत बसतो. आमचा हंगाम नेमका तेव्हाच. मुंबईत पहिल्यापासून रग्बी पावसातच खेळतात, कारण साधं आहे. या खेळात पडायचं असतं आणि एप्रिलच्या मैदानावर पडलं तर कातडं सोलून निघतं. गांधी मैदानाचं पावसाळ्यात पुन्हा वरुणतीर्थ तळं होतं म्हणून तुम्ही वैतागता. आम्ही कडेला उभं राहून पाणी किती आहे ते बघतो. घोट्याएवढं असलं तर उतरायचं, गुडघ्याएवढं असलं तर मिसळ खायला जायचं.

आता खेळाबद्दल थोडं, कारण तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी तो फक्त मोबाईलवर बघितलाय. बॉल लांबडा, वजनाला अर्धा किलोच्या आत. हातात घेऊन पळायचं आणि समोरच्याच्या रेषेपलीकडं जमिनीला टेकवायचा, त्याला ट्राय म्हणतात, पाच गुण. नंतर लाथ मारून दोन खांबांमधून वरून घालवला तर आणखी दोन. पळताना बॉल हातानं पुढं फेकायचा नाही, पास मागंच द्यायचा. इथं येऊन सगळे अडखळतात. एकदा माझं बोट निखळलं होतं म्हणून एका तालमीतल्या वस्तादांकडं गेलो. त्यांनी बोलत बोलत झटका देऊन बोट बसवलं आणि खेळाची चौकशी केली. मी मागच्या पासचं सांगितलं. म्हणाले, "जायचं पुढं आणि टाकायचं मागं? मग सरळ लाथ मारून फुटबॉलच खेळा की." पटवायचा प्रयत्न केला, त्यांना पटलं नाही. बोट मात्र आजही शाबूत आहे.

पण तुमची पोरं यात अर्धी तयार होऊनच येतात, हे मला त्यांना सांगायचं होतं. रग्बीत ज्याला टॅकल म्हणतात तो जवळजवळ दुहेरी पट आहे. खाली वाकायचं, खांदा मांडीला लावायचा, दोन्ही हातांनी पाय कवळून माणूस खाली घ्यायचा. शहरातल्या पोरांना हे शिकवायला आम्हाला दोन महिने लागतात, कारण अंगावर येणाऱ्या माणसासमोर डोळे उघडे ठेवणं हेच त्यांना जमत नाही. तालमीतलं पोरगं पहिल्या दिवशी करतं. त्याला शिकवायचं ते पुढचं, म्हणजे सोडायला. एक पैलवान आमच्याकडं आला होता, शंभर किलोच्या वरचा. पहिल्याच सरावात त्यानं आमच्या सगळ्यात चपळ पोराला असा पट काढून घेतला की बघणाऱ्यांनी शिट्ट्या मारल्या. मग तो त्याला चीत करायला लागला. पाठ टेकवली, छातीवर बसला आणि रेफरीकडं बघून निकालाची वाट बघायला लागला. तोवर बॉल दुसऱ्यानं उचलून चाळीस मीटर नेऊन टेकवलाही होता. रग्बीत माणूस पाडला की लगेच सोडावा लागतो. खांद्याच्या रेषेच्या वर हात गेला तर शिक्षा, मानेला लागला तर थेट बाहेरसुद्धा जावं लागतं. महिन्याभरात त्या पैलवानाला ते बसलं, आणि पुढची तीन वर्षं त्याच्यासारखा प्रॉप, म्हणजे पुढच्या रांगेत भिडणारा गडी, आम्हाला मिळाला नाही.

असे पैलवान तुमच्याकडं दर वर्षी तयार होतात. पंचवीस-सव्वीसपर्यंत घाम गाळतात. मग खुराकाचा खर्च झेपत नाही, मोठ्या कुस्त्या मिळत नाहीत, घरचे लग्नाचं बघतात, आणि एक दिवस लंगोट खुंटीला लागतो. हे अंग पुढं कुणाच्याच उपयोगाचं राहत नाही. पंधरा जणांच्या रग्बीत आठ माणसं नुसती ढकलायला आणि भिडायला लागतात. त्यातल्या पुढच्या तिघांना मान आणि पाठ तालमीतल्यासारखीच हवी. तुमचे फुटबॉलचे विंगर मागच्या सात जागांना चालतात. एका तालमीत दोन्ही सापडतात, असं दुसरीकडं कुठं आहे मला माहीत नाही.

यावर तुम्ही काय म्हणाल तेही मला ठाऊक आहे. पहिलं म्हणजे, "आमच्या पोराला लागलं तर?"

लागतं. खोटं कशाला बोलू. पूर्वी मी पालकांना सांगायचो, काही होत नाही. माझं स्वतःचं हासडीचं हाड मोडलं तेव्हा आईनं तेच वाक्य मला परत ऐकवलं. त्याहून वाईट २००९ चं. सामन्यात कुणाचा तरी गुडघा डोक्याला लागला. दोन मिनिटं बसलो, तोंडावर पाणी मारलं, परत उतरलो आणि शेवटपर्यंत खेळलो. सगळ्यांनी पाठ थोपटली. त्या रात्री गंगावेशीपर्यंत गाडी चालवत आलो आणि तिथं मला आमची गल्ली कुठं वळते ते आठवेना. ज्या गल्लीत जन्मलो ती. पंधरा मिनिटं गाडीवर तसाच बसलो, शेवटी ओळखीच्या पानवाल्यानं घरी पोचवलं. त्यानंतर महिनाभर उजेड नको वाटायचा. तेव्हा ती मर्दुमकी वाटली होती, आज लाज वाटते. आता आमच्यासारख्या हौशी रग्बीत जगभर नियम स्पष्ट आहे. डोक्याला मार बसल्याचा नुसता संशय आला तरी खेळाडू बाहेर, त्या दिवशी परत आत नाही, आणि पुढं डॉक्टर म्हणेल तेव्हा. आमच्याकडं हा निर्णय खेळाडूही घेत नाही आणि कॅप्टनही घेत नाही, मी घेतो. त्यावरून माझी दोनदा शिवीगाळीपर्यंत भांडणं झाली आहेत. होऊ देत. तुमच्या फुटबॉलमध्ये हेडिंग करताना दोन डोकी आपटली की तुम्ही काय करता, तेही एकदा बघा.

दुसरं तुम्ही तोंडावर म्हणणार नाही, पण मनात असतं. आमच्या पेठेचं पोरगं त्या पेठेच्या पोराबरोबर एका संघात?

२०१३ च्या पावसाळ्यात माझ्या डावीकडचा प्रॉप मंगळवार पेठेचा होता आणि उजवीकडचा शिवाजी पेठेचा. महिन्यापूर्वी दोघंही स्टेडियमवर समोरासमोरच्या गर्दीत होते आणि काय काय घोषणा दिल्या ते दोघांनाही पाठ होतं. मी हूकर, म्हणजे त्या दोघांच्या मधला. स्क्रम बघितला नसेल तर सांगतो. माझे दोन्ही हात दोघांच्या पाठीवरून टाकलेले, त्यांचे हात माझ्या पाठीमागं एकमेकांवर आलेले. मी जवळजवळ लटकतच असतो. मागून पाच जणांचं वजन. समोर तसेच आठ. रेफरी तीन शब्द बोलतो, क्राउच, बाइंड, सेट. पहिल्याला वाकायचं, दुसऱ्याला प्रॉपनं समोरच्याची जर्सी धरायची, तिसऱ्याला भिडायचं. मग बॉल आत येतो आणि मला तो पायानं मागं ओढायचा असतो, हात अडकलेले असताना. तिथं आत अंधार असतो. ओल्या जर्सीचा वास, आयोडेक्सचा वास, कुणाच्या तरी श्वासाला सकाळच्या मिसळीचा कट. एक बाजू जरी ढिली पडली तर मी तोंडावर आपटतो, आणि मानेचं काय होईल सांगता येत नाही.

ते दोघं पहिले आठ दिवस एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. नवव्या दिवशी स्क्रम कोसळला. चिखलात तोंड रुतलेलं असताना मला डावीकडून ऐकू आलं, "आरं तुझी बाजू उचल की, मेला न्हवं त्यो मधला." उजवीकडून उत्तर आलं, "तू आधी पाय माग घे." झालं, बोलणं सुरू झालं. पुढं एकाच्या लग्नात दुसरा पंगतीत जिलबी वाढत होता. स्टेडियमवर मात्र ते अजूनही आपापल्या जागी बसतात आणि एकमेकांच्या संघाच्या नावानं बोंबलतात. ते बंद व्हावं असं मला मुळीच वाटत नाही. फुटबॉलची ईर्षा गेली तर कोल्हापुरात उरलं काय? तुमच्या संघाशी कुणाचं नातं तोडायला आम्ही येत नाही.

रेफरीचं तेवढं बोलतो, मग हा विषय सोडतो. आमच्याकडं रेफरीशी फक्त कॅप्टननं बोलायचं, तेही अदबीनं. बाकी कुणी तोंड उघडलं तर पेनल्टी दहा मीटर पुढं सरकू शकते. चार महिने पोरांना ही सवय लागली तर पुढच्या हंगामात तुमच्या पिवळ्या कार्डांची संख्या बघा.

सामना संपला की हरलेले-जिंकलेले मिळून खातात. विलायतेत त्यात बिअर असते. आम्ही बाहेरच्या संघांना गंगावेशीच्या कट्ट्यावर नेतो, समोर म्हैस पिळून धारोष्ण दूध. पुण्याच्या एका पोरानं ग्लास हातात घेऊन विचारलं होतं, "उकळलेलं मिळेल का?" म्हशीवाल्यानं त्याच्याकडं जसं बघितलं, तसं मला आजवर कुठल्याही रेफरीनं बघितलेलं नाही.

आता आमची खरी अडचण. क्लबात एके काळी सव्वीस जण होतो. आज अकरा. कुणी चाकणला गेला, कुणी पोलीस भरतीत लागला, कुणाच्या गुडघ्यानं राजीनामा दिला. अकरा जणांत सात-सातचा सरावसुद्धा होत नाही, पंधराचा संघ तर लांबच. सध्या आमच्यात सगळ्यात चांगला पास एका पोरीचा आहे, हे जाता जाता सांगतो, कारण तुमच्या काही मंडळांत मुलींना अजून उंबऱ्याबाहेरूनच बघावं लागतं. मैदानाचं म्हणाल तर एका शाळेनं दोन वर्षं दिलं, तिसऱ्या वर्षी गेलो तर तिथं पेव्हिंग ब्लॉक बसलेले. सामान माझ्या माळ्यावर आहे. टॅकलची बॅग ट्रकच्या ताडपत्रीत गादीचा कापूस आणि चिंध्या भरून सीट कव्हरवाल्याकडून शिवून घेतलेली. ती पावसात भिजली की दोघांना उचलत नाही, आणि आठ दिवस घरात जो वास येतो त्यावर बायकोचं स्वतंत्र पत्र होईल.

कलकत्त्याची गोष्ट मला अधूनमधून आठवते. तिथं १८७२ च्या नाताळात इंग्रज लोक रग्बी खेळले आणि लगेच १८७३ मध्ये क्लब काढला. चार-पाच वर्षांत माणसं पोलो आणि टेनिसकडं गेली, क्लब मोडायची वेळ आली. तर त्यांनी खात्यातले चांदीचे २७० रुपये काढून वितळवले आणि कप केला. त्याला मुठी नागाच्या, झाकणावर हत्ती. इंग्लंड आणि स्कॉटलंड १८७९ पासून आजही त्याच कलकत्ता कपासाठी खेळतात. आमचं खातं मी मागच्या महिन्यात बघितलं. त्यात पितळेचा तांब्याही येणार नाही. त्यामुळं क्लब मोडणं आम्हाला परवडत नाही.

कुणी म्हणेल, हा खेळ साहेबाचा, आपला नव्हे. अहो, फुटबॉल काय जोतिबाच्या डोंगरावर उगवला होता? शाहू महाराज १९०२ साली युरोपात जाऊन आले, रोमचं जुनं मैदान बघितलं असं सांगतात, आणि १९१२ मध्ये खासबाग उभं राहिलं. आत कुस्ती आपलीच चालली. फिजी नावाचा देश बघा. लोकसंख्या साधारण नऊ लाख, आपला जिल्हा २०११ च्या जनगणनेत ३८ लाखांच्या वर. तिथंही ऊस, आणि तो लावायला हिंदुस्थानातूनच माणसं नेलेली. २०१६ मध्ये रिओला सात जणांची रग्बी पहिल्यांदा ऑलिम्पिकमध्ये आली, तेव्हा पुरुषांचं सोनं फिजीनं घेतलं. टोकियोला परत घेतलं. त्यांच्या गावागावांत पोरं संध्याकाळी मोकळ्या जागेवर लांबडा बॉल घेऊन पळतात, जशी आपल्याकडं गल्लीत फुटबॉल खेळतात तशीच.

पोरांना काय मिळेल, हेही विचाराल. २०२५ च्या जूनमध्ये मुंबईत, अंधेरीला, रग्बी प्रीमियर लीग झाली. सहा संघ, बाहेरच्या देशांचे नामी खेळाडू. तेव्हापासून मला फोन येतात, "भावा, लिलाव कधी असतो?" मी कुणालाही लिलावाचं आमिष दाखवणार नाही. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी कुठल्या स्पर्धेतलं कुठलं प्रमाणपत्र चालतं ते तपासूनच आशा धरावी. नुसतं आमच्याकडं येऊन ते मिळत नाही. भरतीची तयारी करणाऱ्यांचं पळणं सुधारतं, एवढं मी डोळ्यांनी बघितलंय. बाकी शनिवार संध्याकाळपर्यंत अंग दुखतं आणि रविवारी पहाटे परत जावंसं वाटतं. असं का होतं, हे मला बावीस वर्षांत घरी नीट सांगता आलेलं नाही.

अठरा वर्षांखालच्या पोराला पालक स्वतः येऊन बोलल्याशिवाय मी टॅकलला उभा करणार नाही, तोवर त्याला नुसतं पळवतो. गणपतीचे दिवस सोडले आहेत, कारण त्या दिवसांत मी स्वतः मंडपात असतो. कुणाचं पोरगं मधेच फुटबॉलच्या निवडीला बोलावलं तर त्या दिवशी सुट्टी. तुमच्या प्रशिक्षकांनी कडेला उभं राहून बघावं, पटलं नाही तर पोरगं घेऊन जावं, मी एक अक्षर विचारणार नाही. वस्तादांनी तर जरूर यावं. मागच्या पासवर बोलणं अर्धं राहिलंय.

जूनच्या पहिल्या रविवारी सकाळी सहाला. मैदान पाण्यावर ठरेल, तुमच्या फलकावर आदल्या संध्याकाळी खडूनं लिहून जाईन, तेवढी एक ओळ जागा ठेवा. फुटबॉलचे स्टडचे बूट चालतात. नखं कापून या, गळ्यातली चेन आणि हातातलं कडं घरी ठेवा.

आपला,
क्लबचा हूकर (आणि खजिनदार, आणि माळ्याचा मालक)

ता. क. : आमच्या खांबांपैकी दोन लांब जीआय पाइप मागच्या गणपतीत मंडपासाठी म्हणून नेले होते, 'अनंत चतुर्दशीनंतर आणून देतो' असं सांगून. कोणत्या मंडळानं नेले ते मला माहीत आहे, इथं नाव लिहीत नाही. गंजले असले तरी चालतील. मे संपायच्या आत आणून टाका, एका टोकाला लाल पट्टी आहे.